सल्फाची गोळी आणि रक्तातला प्लेग

नागपूरहून वर्ध्याकडे निघालेली पॅसेंजर बुटीबोरी, बोरखेडी मागे टाकून सिंदीला येते. पुढे तुळजापूर, सेलू रोड आणि मग वर्धा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ १८६७ साली नागपूरला पोचले ते याच वाटेने, आणि पोचले ते मुख्यतः कापसासाठी. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला होता आणि वऱ्हाड-वर्ध्याचा माल लवकरात लवकर मुंबईच्या धक्क्याला लागावा अशी साहेबाला घाई होती. त्यानंतर तीसेक वर्षांनी मुंबईत प्लेग फुटला आणि याच रुळांवरून उलट दिशेने आत शिरला.

प्लेग आणि कापूस यांचा हंगाम एकच. कार्तिकात बोंडं फुटायला लागली की मार्केटं, जिन, गोदामं भरतात आणि माघ-फाल्गुनापर्यंत ती भरलेलीच राहतात. प्लेगची पिसू थंड आणि जराशी दमट हवा मागते. विदर्भातला चैत्र-वैशाख तिला सोसत नाही आणि उन्हं तापली की साथ आपोआप ओसरते. धान्याची पोती आणि सरकी-कापसाची गोदामं ही उंदरांची हक्काची घरं. त्यामुळे शेतकऱ्याच्या हाती पैसा येण्याचे दिवस आणि घरात ‘उंदीर पडण्याचे’ दिवस एकच ठरले. उंदीर पडला म्हणजे काय, हे त्या काळात पोरालाही कळत असे. आढ्यावरून, कणगीमागून उंदीर झिंगत बाहेर यायचा आणि माणसांदेखत मरायचा. मग गाव उठायचं. भांडीकुंडी, गुरंढोरं घेऊन माणसं रानात झोपड्या घालून राहायची. आज हे वागणं अडाणीपणाचं वाटू शकेल, पण त्या काळी प्लेगवर याहून शहाणा उपाय दुसरा नव्हता. घर सोडलं की पिसू मागे राहायची.

हिंदुस्थानात प्लेगने एकंदर सव्वा कोटीच्या आसपास माणसं नेली. एकट्या १९०७ साली तेरा लाख गेली. या इतिहासाचा पहिला भाग मराठी वाचकाला पाठ आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला. वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मार्चमध्ये पुण्यात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई गेल्या, जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. इथपर्यंत आपण सगळे सांगतो आणि थांबतो. पुढच्या अर्धशतकात ज्याला प्लेग झालाच त्याच्या हाती वैद्यकाने काय दिलं, हा भाग सांगायचा राहून जातो. लस ही निरोग्यासाठी. अंगात गाठ आलेल्या माणसासाठी चाळीस वर्षं जवळजवळ काहीही नव्हतं, आणि जेव्हा आलं तेव्हा त्याची पारख परळमध्ये झाली. त्या कामातल्या एका प्रमुख माणसाचा जन्म आपल्या अमरावतीचा.

आधी हा रोग माणसाला मारतो कसा ते पाहू, कारण औषधाची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. पिसू बहुधा पायाला चावते. जंतू तिथून लसिकावाहिन्यांतून जांघेतल्या गाठीत पोचतात. चावा हाताला असेल तर काखेत. दोन ते सहा दिवसांत थंडी वाजून ताप भरतो आणि गाठ अशी दुखते की रुग्ण पाय सरळ करू शकत नाही. डोळे लाल होतात, जीभ जड होते, चालताना झोक जातो. दारू प्यायल्यासारखा बोलतो, असं जुने डॉक्टर लिहीत. गाठ म्हणजे शरीराने घातलेला बांध. तो टिकला, गाठ पिकून फुटली, तर माणूस वाचण्याची आशा असते. बांध फुटला तर जंतू रक्तात उतरतात आणि तिथे वाढू लागतात. नाडी पाण्यासारखी होते, हृदय थकतं, कातडीखाली रक्ताचे डाग दिसतात. कधी गाठ येण्याआधीच जंतू रक्तात शिरलेले असतात आणि माणूस एका-दोन दिवसांत जातो. डॉक्टर याला सेप्टिसीमिया म्हणतात. गाठीच्या प्लेगमध्ये निम्म्याहून अधिक दगावत. रक्तात जंतू मातले किंवा रोग फुप्फुसात गेला की वाचलेला माणूस शोधावा लागे.

या रक्तातल्या जंतूंपर्यंत पोचणारं काही नव्हतं. गाठीवर पोटीस बांधा, आयोडीन लावा, हृदयासाठी उत्तेजक द्या, ताप उतरवा, एवढंच. घोड्याच्या रक्तापासून केलेलं सीरम होतं. मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयात डॉ. नसरवानजी चोक्सी यांनी ते चिकाटीने वापरून पाहिलं. लवकर दिलं तर काही माणसं वाचत, पण ते महाग होतं, टिकवायला अवघड होतं आणि बहुतेक रुग्ण यायचे ते उशिराच.

इकडे हे चालू असताना जर्मनीतल्या एल्बरफेल्ड गावी, बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत, गेरहार्ड डोमाक नावाचा डॉक्टर रंगद्रव्यं तपासत होता. पहिल्या महायुद्धात त्याने लष्करी इस्पितळात जखमा सडून रक्तात विष भिनलेली पोरं मरताना पाहिली होती. त्याचे सहकारी योसेफ क्लारर आणि फ्रित्स मीच नवनवी रंगद्रव्यं तयार करायचे. डोमाक उंदरांना स्ट्रेप्टोकोकस जंतूंची मारक मात्रा टोचायचा आणि मग एकेक द्रव्य देऊन बघायचा. वर्षानुवर्षं सगळे उंदीर मरत राहिले. १९३२ च्या डिसेंबरात एका विटकरी लाल द्रव्याने ते वाचले. त्याचंच पुढे नाव पडलं प्रोन्टोसिल.

त्या औषधाची माणसावरची पहिली नोंद रक्तदोषाचीच आहे. १९३३ साली ड्यूसेलडॉर्फमध्ये दहा महिन्यांच्या एका बाळाच्या रक्तात स्टॅफिलोकोकसचे जंतू भिनले होते. तेव्हाच्या वैद्यकाने हात टेकले होते. डॉ. फर्स्टर यांनी हे नवं लाल औषध दिलं आणि बाळ वाचलं. दोन वर्षांनी, १९३५ च्या डिसेंबरात, खुद्द डोमाकच्या सहा वर्षांच्या मुलीच्या हातात सुई घुसली, जखम चिघळली, ताप चढत गेला आणि शल्यचिकित्सक हात कापायची भाषा बोलू लागले. बापाने प्रयोगशाळेतून औषध आणून तिला दिलं. मुलगी बरी झाली आणि हातही राहिला.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्याच वर्षी उलगडलं की लाल रंगाचा गुणाशी काही संबंध नाही. शरीरात प्रोन्टोसिल फुटतं आणि त्यातून जो बिनरंगी भाग सुटतो, सल्फानिलामाइड, तोच काम करतो. हा पदार्थ पॉल गेल्मो नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने व्हिएन्नात १९०८ सालीच तयार केला होता आणि त्याच्यावर आता कोणाचीही मालकी उरली नव्हती. सत्तावीस वर्षं तो रंगाच्या कारखान्यांतून पडून होता. त्या सत्तावीस वर्षांत जगभर किती बाळंतिणी तापाने गेल्या याचा विचार मनात आला की लेखणी थांबते. बाळंतरोग म्हणजे बहुतेक वेळा रक्तात शिरलेला स्ट्रेप्टोकोकसच. लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात लिओनार्ड कोलब्रुक यांनी १९३६ साली बाळंतज्वराच्या ३८ रुग्ण स्त्रियांना प्रोन्टोसिल दिलं, त्यांतल्या तिघीच गेल्या. त्याआधी तिथे अशा चारांतली एक जायची. आपल्याकडे त्या काळात हजार बाळंतपणांमागे वीस स्त्रिया मरत होत्या, असा अंदाज पुढे आरोग्य पाहणीच्या भोर समितीने दिला.

सल्फानिलामाइड आणि तिच्यासारखी औषधं म्हणजे सल्फा. ती काम कशी करते हे १९४० मध्ये डोनाल्ड वुड्स यांनी दाखवलं. जंतूला वाढायला एक साधं द्रव्य लागतं, पॅरा-ॲमिनोबेंझोइक ॲसिड. त्यापासून तो फोलिक ॲसिड तयार करतो आणि त्यावर त्याचं पुढचं सगळं चालतं. सल्फाचा रेणू दिसायला हुबेहूब त्या द्रव्यासारखा. जंतू तो उचलतो आणि तिथेच अडकतो, जसं कपाशीसोबत भलतंच काही आत गेलं की जिनचा रूळ जाम होतो. माणूस फोलिक ॲसिड स्वतः बनवत नाही, जेवणातून घेतो, म्हणून त्याला या घोटाळ्याची झळ लागत नाही. यातली एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. सल्फा जंतूला मारत नाही, त्याची वाढ रोखते. मारण्याचं काम शरीरानेच करायचं असतं. म्हणून औषध लवकर सुरू होणं आणि रक्तातलं त्याचं प्रमाण एकसारखं टिकणं या दोन गोष्टींवर सगळा खेळ होता.

आता परळला येऊ. मुंबईच्या गव्हर्नरचा जुना वाडा १८९९ पासून प्लेगच्या प्रयोगशाळेला दिलेला होता. १९२५ साली तिला हाफकिन यांचं नाव मिळालं. तिथे १९३२ मध्ये पहिल्यांदाच एक भारतीय संचालक आला, साहिबसिंग सोखे. इंडियन मेडिकल सर्व्हिसचा हा अधिकारी शिस्तीचा आणि मोठ्या मनसुब्यांचा होता. त्यांच्या पत्नी लीला म्हणजे ‘मेनका’ या नावाने युरोप गाजवलेल्या कथक नर्तकी, खंडाळ्याला नृत्यशाळा काढणाऱ्या. सोखे यांचा प्लेगवरच्या कामातला आग्रह एकच होता, मोजमापाचा. त्यांनी संस्थेत पांढऱ्या उंदरांची एकसारखी पैदास ठेवली. ठरलेल्या जातीचे प्लेगचे जंतू ठरलेल्या संख्येने टोचले की लस किंवा औषध न दिलेले उंदीर किती दिवसांत मरतात हे तिथे पक्कं ठाऊक होतं. लस चांगली की वाईट हे अशाच पद्धतीने ठरायचं. औषधांची पारख करायला हीच मांडणी आयती हाती आली.

त्यांच्याबरोबर होते भालचंद्र बाबाजी दीक्षित. जन्म अमरावतीचा, १९०२ चा. शिक्षण मुंबई आणि एडिंबरो. मेंदू आणि झोप यांवरचं त्यांचं शरीरशास्त्रातलं काम जगाने वाखाणलं, पुढे १९५६ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे ते पहिले संचालक झाले. ‘एम्स’चा पहिला संचालक वऱ्हाडात जन्मला, ही गोष्ट विदर्भातल्या शाळांतून मुलांना सांगितली जायला हवी. तिसरे के. गणपती, रसायनशास्त्रज्ञ. युरोप-अमेरिकेतून नव्या सल्फांची बातमी आली की परळमध्ये त्या आणि त्यांच्या भावंडांसारख्या नव्या जोडण्या तयार करण्याचं काम त्यांचं. आणि चौथे डॉ. पी. एम. वागळे, प्रत्यक्ष रुग्णांजवळ उभे राहणारे.

प्लेगवर सल्फा वापरून पाहण्याची कल्पना एकट्या मुंबईची नव्हती. पूर्व आफ्रिकेत कारमन यांनी १९३८ साली प्रोन्टोसिल दिल्याचं लिहिलं होतं. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये श्युट्झ यांनी १९३९ मध्ये जनावरांवर प्रयोग केले. तोवर इंग्लंडात मे अँड बेकर कंपनीची सल्फापिरिडीन निघाली होती, तीच ती न्यूमोनियावर गाजलेली ‘एम अँड बी ६९३’, जिने पुढे १९४३ च्या डिसेंबरात चर्चिलना उठवून बसवलं. पाठोपाठ सल्फाथायाझोल आली. परळच्या उंदरांवर या सगळ्या ताडून पाहिल्या गेल्या. साधी सल्फानिलामाइड प्लेगपुढे लंगडी पडली. सल्फापिरिडीन बरी ठरली आणि सल्फाथायाझोल तिच्याहून सरस. सोखे आणि दीक्षित यांचा ‘सल्फाथायाझोल इन प्लेग’ हा लेख १९४० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. युरोपात तेव्हा फ्रान्स पडत होता. हे पान कोणाच्या विशेष नजरेत भरलं नसेल, पण प्लेगच्या उपचारांचा इतिहास त्या पानावर वळण घेतो असं माझं स्पष्ट मत आहे.

उंदीर वाचला म्हणून माणूस वाचेलच असं नसतं. त्यासाठी साथीत उतरावं लागलं. वागळे, सोखे, दीक्षित आणि गणपती या चौघांच्या नावे १९४१ साली ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये प्लेगच्या औषधोपचारावरचा अहवाल आला. कोणा रुग्णाला सीरम, कोणाला सल्फापिरिडीन, कोणाला सल्फाथायाझोल, अशी वाटणी करून परिणाम शेजारीशेजारी मांडले होते. बाजी सल्फाथायाझोलने मारली. अशा तुलनेत ज्यांच्या वाट्याला जुनाच उपचार आला ती माणसंही याच मुलखातली होती. त्यांच्या मरणामुळे औषधाचा गुण ठरला, हे मला विसरता येत नाही.

हा उपचार जवळून कसा होता ते पाहण्यासारखं आहे. अर्ध्या ग्रॅमच्या, खडूसारख्या पांढऱ्या गोळ्या. सुरुवातीला एकदम मोठी मात्रा, मग दर चार तासांनी पुढची, दिवसा आणि रात्रीही. वातात बरळणाऱ्या, दातखीळ बसलेल्या माणसाला मध्यरात्री उठवून गोळी गिळायला लावायची. गिळता येत नसेल तर कुटून पाण्यात कालवून चमच्याने. ओकला तर पुन्हा. एक पाळी चुकली की रक्तातलं प्रमाण उतरतं आणि जंतू पुन्हा उचल खातात. सोबत खायचा सोडा आणि तांब्याने पाणी, कारण सल्फाचे खडे मूत्रपिंडात जमतात आणि लघवी बंद पडते. लघवी किती झाली, रंग कसा, याच्यावर नजर. काहींचे ओठ-नखं निळसर पडत, अंगावर पुरळ उठे, क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकाएकी घटत. म्हणजे ही गोळी पुडी बांधून हातावर ठेवावी आणि घरी धाडावं अशी नव्हती. तिला रात्रभर जागणारं माणूस लागायचं, परिचारिका नसेल तर आई किंवा बायको.

आणि रक्ताची तपासणी. रुग्ण आला की शिरेतून थोडं रक्त घेऊन ते मांसाच्या अर्कात उबवायचं, जंतू वाढतात का पाहायचं. वाढले नाहीत तर आशा मोठी. वाढले तर किती वाढले हे पाहायचं. प्लेगच्या डॉक्टरांना हे जुनंच माहीत होतं की रक्तात जंतूंचा सुकाळ झाला की मरण ठरलेलं. सल्फाने हे गणित पहिल्यांदा हललं. रक्तात जंतू सापडलेली माणसंही बरी होऊन घरी जाऊ लागली. सगळी नव्हे. ज्यांच्या रक्तात जंतूंची दाटी झाली होती त्यांना सल्फाही फारशी पुरी पडली नाही आणि फुप्फुसाच्या प्लेगपुढे ती बहुधा हरली. पण ज्या दारावर चाळीस वर्षं डॉक्टर हात बांधून उभा होता ते किलकिलं झालं.

दक्षिण महाराष्ट्रात या औषधाची मोठी कसोटी लागली. कोल्हापूर संस्थानात सार्वजनिक आरोग्याचं काम पाहणारे डॉ. सिमिअन्स आणि डॉ. छत्रे यांनी गाठीच्या प्लेगच्या तब्बल एक हजार रुग्णांवरच्या औषधोपचाराचा वृत्तान्त १९४६ मध्ये ‘इंडियन मेडिकल गॅझेट’ला दिला. मुंबईची संस्था नाही, गोऱ्या सरकारचं मोठं रुग्णालय नाही, एका संस्थानातला हा अनुभव. एवढ्या लोकांना पाळीने गोळ्या घालणं म्हणजे किती पायपीट, किती रॉकेलचे कंदील आणि किती हातांची धावपळ असेल ते ज्याने खेड्यातला दवाखाना पाहिलाय त्याला सांगायला नको.

कारण औषध निघणं आणि ते माणसाच्या तोंडात पडणं यांत फार अंतर होतं. युद्ध पेटलेलं, जहाजं बुडत होती, जो माल येई तो आधी फौजेला. ब्रिटिश हिंदुस्थानात सहा हजारांहून जास्त माणसांमागे एक डॉक्टर, आणि तोही शहरात. सोखे यांचं म्हणणं होतं की औषधं इथेच बनली पाहिजेत, परदेशी कंपनीच्या किमतीवर आपल्या साथी विसंबून चालणार नाहीत. युद्धाच्या वर्षांत हाफकिनमध्ये नव्या सल्फांवर जे रसायनाचं काम झालं त्यामागे हाच हट्ट होता. सोखे संस्थेतून १९४९ मध्ये बाहेर पडले आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेत मोठ्या पदावर गेले, तरी त्यांनी हा हट्ट सोडला नाही. आज भारत जगाला औषधं विकतो. त्या वाटेवरचा पहिला मैलाचा दगड कोणता असं कोणी विचारलं, तर मी परळच्या त्या रसायनशाळेकडे बोट दाखवीन.

सल्फाच्या वाटेवर एक काळी घटनाही आहे आणि ती आपल्या दारापर्यंत येते. १९३७ साली अमेरिकेत एका कंपनीने सल्फानिलामाइडचं पातळ औषध काढलं. ते विरघळवण्यासाठी डायएथिलीन ग्लायकॉल वापरलं. ते विषारी आहे की नाही हे पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. शंभराहून अधिक माणसं, त्यांत कितीतरी लहान मुलं, मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्यातून अमेरिकेत १९३८ चा औषध कायदा आला, सुरक्षित असल्याचं दाखवल्याशिवाय औषध विकता येणार नाही असा. तेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून रुग्णांच्या पोटात गेलं, १४ जण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. आणि २०२५ च्या पावसाळ्याअखेर खोकल्याच्या औषधातून छिंदवाड्याच्या लेकरांच्या पोटात गेलं. त्यांतली कितीतरी लेकरं नागपूरच्या रुग्णालयांत आणली होती. १९३७ मध्ये सल्फाच्या बाटलीने शिकवलेली गोष्ट आपण अजून पाळत नाही, याचा संताप येतो.

सल्फाचं राज्य फार टिकलं नाही. पेनिसिलिन आलं आणि वर्तमानपत्रांना नवा नायक मिळाला. पण प्लेगच्या बाबतीत एक गंमत लोकांना ठाऊक नसते. पेनिसिलिन प्लेगच्या जंतूवर चालत नाही. त्यामुळे जगात पेनिसिलिनचा जयजयकार सुरू असताना महाराष्ट्रातल्या प्लेगच्या रुग्णाला तारणारी सल्फाच होती, सल्फाथायाझोल आणि मग तिच्याहून सोसायला बरी अशी सल्फाडायाझीन. स्ट्रेप्टोमायसिन हाती आलं ते १९४७-४८ मध्ये. त्याने रक्तात भिनलेला प्लेगही परतवला आणि फुप्फुसाचाही. वागळे यांनी १९४८ मध्ये गाठीच्या प्लेगच्या उपचारांतल्या नव्या प्रगतीवर पुन्हा लेख लिहिला. दहा वर्षांच्या आत एकाच डॉक्टरच्या हयातीत हात बांधून उभं राहण्यापासून इथपर्यंतचा प्रवास झाला. तोवर डीडीटीने पिसवाही मारायला घेतल्या होत्या आणि साथ आपणहूनही ओसरत होती. सल्फा रणात उतरली तेव्हा मोठी लढाई संपत आली होती. तिला श्रेय कमी मिळालं याचं हे एक कारण.

घराघरांतून मात्र ती राहिली. सिबाझॉल हे नाव ज्यांच्या लहानपणात आहे त्यांना ठाऊक असेल, गुडघा फुटला की आजी ज्या पांढऱ्या पावडरीची चिमूट जखमेवर दाबायची, ती सल्फाथायाझोलच. ज्या औषधाने परळचे उंदीर वाचवले तेच फळीवरच्या डबीत येऊन बसलं होतं. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण निघाले आणि सगळा देश हादरला, तेव्हा दुकानांतून टेट्रासायक्लिन संपलं. पण लहान मुलांना टेट्रासायक्लिन देत नसत. संसर्गाच्या धास्तीत असलेल्या मुलांसाठी वैद्यकाची पुस्तकं तेव्हा ज्या औषधाचं नाव सांगत होती ते कोट्रायमोक्साझोल, आणि त्यातल्या दोन औषधांपैकी एक सल्फा आहे.

वर्धा जिल्ह्याशी या कुळाचं नातं मात्र प्लेगहून वेगळ्या रोगातून जडलं. सल्फाची एक चुलत शाखा आहे, सल्फोन. तिच्यातलं मुख्य औषध डॅप्सोन. तेही १९०८ सालीच जर्मनीत तयार होऊन पडून राहिलेलं, तेही जंतूच्या त्याच जागी घाव घालणारं. विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ मध्ये कुष्ठधाम काढलं तेव्हा कुष्ठरोग्यासाठी कडूकवठाच्या तेलाची इंजेक्शनं सोडून काही नव्हतं. ती दुखत आणि गुण क्वचित येई. सेवाग्रामला कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींच्या जखमा गांधीजी स्वतः धूत, अंगाला तेल लावत. ते छायाचित्र सगळ्यांनी पाहिलं आहे. शास्त्री १९४५ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी मद्रासजवळ चेंगलपट्टूला रॉबर्ट कॉक्रेन यांनी डॅप्सोनचा वापर सुरू केला.

वर्ध्यात १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान उभं राहिलं आणि डॉ. आर. व्ही. वर्डेकर यांनी एक साधा, पण तेव्हा धाडसाचा विचार मांडला. रुग्णाला वस्तीबाहेर नेऊन कोंडायचं नाही, औषध घेऊन त्याच्या गावात जायचं. घरोघर फिरून तपासणी, लोकांशी बोलून समज, आणि घरी राहूनच उपचार. ही पद्धत पुढे देशाने उचलली. ती शक्य झाली ती डॅप्सोन ही स्वस्त, तोंडाने घ्यायची, खिशात मावणारी गोळी होती म्हणून. प्लेगच्या सल्फासाठी रात्रभर जागावं लागायचं. ही गोळी कार्यकर्त्याने सायकलवरून नेऊन द्यायची आणि रुग्णाने वर्षानुवर्षं चुकू न देता घ्यायची. वर्षं लांबली, गोळ्या चुकल्या आणि जंतू डॅप्सोनला सरावले, तेव्हा १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकाऐवजी अनेक औषधं मिळून द्यायला सांगितलं. कुष्ठरोग्याला महिन्याचं जे पाकीट मिळतं त्यात रिफाम्पिसिनच्या शेजारी रोज एक डॅप्सोनची गोळी आजही असते.